आमची बोलचाल बंद आहे

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझं अर्धंच ऐकू येतं आणि माझं सगळं कुंपणापलीकडे जाऊबाईंना ऐकू जातं. तुझे आतोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ गेल्यापासून दोन घरांत आम्ही दोघी जावा आणि मध्ये ते मोडकं कुंपण. ते काढून मला पक्की भिंत घालायचीय. पण लिंबोणीचं झाड कुणाच्या हद्दीत, यावरून आमची बोलचाल बंद आहे, हे तुला माहीतच आहे. बंद म्हणजे अगदी ठार बंद.

मागे एक मोजणीदार साखळी घेऊन आले होते. उतारावरच्या काटेरी झुडपांत शिरले आणि फाटक्या पँटनिशी जे गेले ते गेलेच. तू मोजणीच्या ऑफिसात ड्रोन उडवतेस म्हणे, तर ये आणि वरून बघून एकदाचं सांग. गवंडी महिनाअखेरीला मोकळा आहे.

संध्याकाळ झाली, मला जरा एके ठिकाणी जायचंय, म्हणून आवरते. माया आहेच, ती घ्यायला ये.

तुझी,
आत्या

दि. १३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. काम फत्ते झालं म्हणून ऐटीत ऑफिसात गेले आणि तोंडावर आपटले.

उडवणं झकास झालं होतं. मोजणीदारांची पँट जिथे फाटली, तो सगळा उतार ड्रोनने चहा निवायच्या आत टिपला. असे शेकडो फोटो जोडून नकाशा होतो. तो जमिनीवर नेमका बसावा, म्हणून मी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची कापडं अंथरली होती आणि प्रत्येकाची जागा यंत्राने मोजून ठेवली होती. फोटोत कापड दिसलं की नकाशा तिथे टाचायचा, इतकं सोपं. तर आता नकाशात कुंपणापलीकडच्या काकूंचं स्वयंपाकघर तुझ्या न्हाणीघरात घुसलंय. साहेब म्हणाले, वेगळ्या झालेल्या चुली पुन्हा एक झाल्या, अभिनंदन. खरं सांग, कापडांना हात लावलास?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठकू

दि. १८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. हात लावला, त्यात काय एवढं? तू उतारावर ड्रोन जोडत बसलीस आणि इकडे एक कापड चक्क जाऊबाईंच्या अंगणात. आपली वस्तू त्यांच्या दारात कशाला लोळवायची? उद्या म्हणतील, आमचीच. म्हणून उचललं, झटकलं आणि आपल्या पायरीशी नीट अंथरलं. उडू नये म्हणून वर दगडही ठेवला. एवढ्याशा कापडाने तुझा नकाशा बिघडतो, तर तो नकाशाच कच्चा.

पुन्हा ये. या खेपेला मी हाताची घडी घालून बसेन. आणि ते स्वयंपाकघर आधी जागेवर नेऊन ठेव, त्यांच्या भांड्यांची आदळआपट मला इथूनच पुरते. दिवस मावळला, जायला हवं.

भांडलीस तरी माझीच ना तू.

तुझी,
आत्या

दि. २६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. या वेळी नकाशा चोख बसला. झुडपांत हरवलेला हद्दीचा जुना दगडही फोटोत सापडला, मग मी चालत जाऊन हात लावून खात्री केली. आता खाली बस आणि मग वाच. लिंबोणी काकूंची आहे.

बसलीच आहेस तर आणखी एक. वाळक्या गवतात एक पायवाट दिसते. तुझ्या मागच्या दारातून निघते, कुंपणाच्या मोडक्या भागातून जाते आणि थेट काकूंच्या मागच्या दाराशी थांबते. जमिनीवर उभं राहून लक्षात येत नाही, वरून स्वच्छ रेघ दिसते. साहेबांनी विचारलं, इथून कोण जातं? मी म्हटलं, मांजर. ते म्हणाले, चांगलं वजनदार दिसतंय.

आत्या, हद्दीवर भिंत आली की ही वाट बंद होणार. गवंड्याला रेघ आखून देऊ की थांबवू, तूच कळव.

जीव लावतेस तसाच लाव.

तुझी,
ठकू

दि. २ मार्च

चि. ठकूस,
वजनदार मांजराचे अ. उ. आ.

जाऊबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासूनची गोष्ट. त्यांना स्वतःच्या हाताने थेंब घालता येईनात, अर्धी बाटली नाकावर. मग संध्याकाळी मी जायला लागले. त्या मान मागे टाकून बसायच्या, मी थेंब घालून परत यायची. एक अक्षर बोलायचं नाही. पुढे डोळा बरा झाला, थेंब थांबले, मी मात्र जातेच. दोघी पायरीवर बसतो आणि उठतो. निघताना त्या माझ्याकडे न बघता दोन लिंबं पुढे सरकवतात. एखाद्या दिवशी गेले नाही तर मला करमत नाही, हे तुला म्हणून सांगते.

तर गवंड्याला सांग, भिंत हद्दीवरच हवी, एक बोटही इकडे-तिकडे चालणार नाही. लिंबोणी त्यांना लखलाभ. फक्त त्या वाटेपुरती जागा मोकळी सोडायची. फाटक नको, कडी कुणी लावायची यावरून नवं भांडण होईल.

आणि तुझ्या साहेबांना कळव, आमची बोलचाल अजून बंदच आहे. म्हणजे बोल बंद आहे. चाल चालू आहे.

तूही येत-जात राहा, म्हणजे माया राहील.

तुझी,
आत्या