बावखलावरची पाळी

मु. होळी, वसई
रविवार, २८ नोव्हेंबर १९९९

चि. हेमाली हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

सकाळीच तुझा फोन येऊन गेला आणि दुपारी मी पत्र लिहायला बसलो, म्हणजे म्हाताऱ्याला काही काम उरलेलं नाही असं तुला वाटेल. वाटू दे. प्रकृती बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुर तर मीही करतो. राजेळी केळ्यांचे घड चांगले भरले म्हणून यंदा सुकेळी वाळत घातली. आईसारखी होत नाहीत. तिला नुसतं हात लावून कळायचं, केळं कधी पलटायचं. मी आपला घड्याळ बघून पलटतो, त्यामुळे निम्मी कडक आणि निम्मी चिकट. तुला पाठवणार नाही, दात जातील.

शेजारचा आत्माराम तुझी आठवण काढतो. म्हणजे तू त्याला अमेरिकेतून घड्याळ आणणार होतीस, त्या घड्याळाची काढतो.

मागच्या रविवारी मला तुझ्याशी काही बोलायचं होतं, आजही होतं. तू विचारतेस, "बाबा, जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." मग हवापाणी होतं आणि तू ठेवतेस. ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच खुर्चीवर बसून असतो. पुढे सात दिवस या घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही, आणि मी काही स्वतःशी बोलणाऱ्यांतला नाही. तुझा तेवढा आवाजही गेला तर, म्हणून फोनवर धीर होत नाही. कागदावर होतो का बघतो.

तेरा तारखेला तुमची ती आकाशातली दुर्बीण बंद पडल्याचं पेपरात आलं होतं. तिला एका जागी स्थिर धरणारी यंत्रं बिघडली आणि ती नुसतीच फिरते आहे. पुढच्या महिन्यात माणसं वर जाऊन दुरुस्त करणार. तुला विचारलं तर म्हणालीस, "मला काही फरक पडत नाही, माझं काम चालू आहे." मला उलगडा होईना. पाण्याची मोटार जळाल्यावर वाडीवाला कसलं काम करतो? दुसऱ्याच्या बांधावर बसून गप्पा मारतो.

तेवढ्यात, आठ दिवसांपूर्वी शनिवारी, वाचनालयात याच विषयावर व्याख्यान झालं. कॉलेजात शिकवायचे ते फ्रेडरिक सर. मी पहिल्या रांगेत बसलो. माझी पोरगी त्याच दुर्बिणीचं काम करते, मी मागे कशाला बसू? व्याख्यान संपल्यावर हात वर करून विचारलं, "सर, दुर्बीण बंद पडली की पाळीवर उभी असलेली माणसं घरी जातात का?"

मागची पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "दयारामभाऊ, तिथं कुणीच उभं राहत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. कुठे बघायचं, किती वेळ बघायचं, ते तुम्ही लोक कित्येक आठवडे आधी लिहून देता. ते वर पाठवलं जातं. दुर्बीण आपली आपण वळते, बघते आणि चित्रं खाली धाडते. ती वर्षभर तुमच्याच नावाने कुलपात राहतात, दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. त्या दिवशी माणूस झोपलेला असो, आजारी असो, गावाला गेलेला असो. त्याची पाळी चुकत नाही.

मी सरांना "थँक्यू" म्हटलं आणि छत्री तिथेच विसरून आलो. नोव्हेंबरात छत्री कशाला नेली होती तेही आठवत नाही.

हेमाली, आपल्या बावखलाच्या तळ्यावर पाच घरांच्या वाड्या भिजतात. पाचव्या दिवशी आपली पाळी. त्या दिवशी आपण मोटारीपाशी हजर नसलो तर पाणी पुढच्या घराला जातं, आणि आपली केळी पुढली पाळी येईपर्यंत तोंड वासून राहतात. माझा जन्म त्यात गेला. सातवीत तुला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं, त्या दिवशी आपली पाळी होती म्हणून मी आलो नाही. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मात्र शाळेआधी वाडीत येऊन, फ्रॉक खोचून पाटाची तोंडं उघडत बसलीस. तेव्हा वाटलं, पोरीला पाळी कळली.

या वर्षीच्या सुरुवातीला तू सांगितलंस, "बाबा, जगभरातून पाच जण मागतात तेव्हा एकाला दुर्बीण मिळते. मला मिळाली, सोळा ते अठरा फेब्रुवारी." आणि म्हणालीस, तुझे तारे दिव्याची वात वरखाली केल्यासारखे कमीजास्त होतात, त्यावरून त्यांची दीर्घिका किती लांब आहे ते कळतं, ठरल्या दिवशी बघितलं नाही तर वर्षाची मेहनत फुकट. तू बाकीचंही सांगितलं असशील. मी हो हो म्हणत असेन. मला एवढंच कळलं की माझ्या पोरीची पाळी आहे आणि ती तिला चुकवता येणार नाही.

आता लिहितो.

आई त्याच अठरा तारखेला सकाळी गेली, आणि मी तुला सांगितलं की छातीत कळ आली आणि तासाभरात आटोपलं. एक तास नव्हता, बाय. नऊ दिवस होते. नऊ तारखेला, मंगळवारी, तिला इस्पितळात नेलं. चौदा तारखेला, रविवारी, तुझा फोन यायचा म्हणून मी तिथून घरी आलो. तू विचारलंस, "आई कुठाय?" मी म्हटलं, "देवळात गेली आहे." तू खुशीत होतीस. "बाबा, परवापासून माझे तारे," म्हणालीस. फोन ठेवून मी पुन्हा इस्पितळात गेलो.

मी ठरवलं होतं, अठराला तुझी पाळी संपली की लगेच कळवायचं. डॉक्टरांनी मात्र चौथ्या दिवशीच सांगितलं होतं, मुलांना बोलावून घ्या. पलीकडची मटिल्डा दिवसभर आईजवळ बसायची. ती माझ्यावर ओरडली, "कळव रे पोरीला! उद्या तिला काय तोंड दाखवशील?" मी तिलाच दम दिला. आत्मारामला दिला. सगळ्या आळीला दिला. तू दिवसांना आलीस तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही तो माझ्यामुळे. मटिल्डा तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. नऊ महिने. कुंपणापलीकडून तिच्या कोंबड्यांशी बोलायची ते मला ऐकू यायचं.

काल मी कुंपणापाशी जाऊन तिला म्हटलं, पोरीला लिहितोय. ती कपडे वाळत घालत होती. वळली नाही. "लिही," म्हणाली, "आणि सगळं लिही. अर्धं नको."

अर्ध्यावरच थांबणार होतो. तिला कसं कळलं कोण जाणे.

आईने पहिल्या दिवसापासून विचारलं, "हेमालीला कळवलं?" मी म्हटलं, "कळवलं." "निघाली?" मी म्हटलं, "निघाली." मग ती रोज विचारायची, "कुठवर आली?" मी सांगायचो, विमान मिळालं, मध्ये थांबलं, धुकं आहे. सतरा तारखेला संध्याकाळी तिने मटिल्डाकडून वेणी घालून घेतली. मला म्हणाली, "पोरगी एवढ्या लांबून येतेय आणि आपण अशा अवतारात. बरं दिसत नाही." तू पाठवलेलं दीर्घिकेचं चित्र तिने देवाशेजारी लावलं होतं, ताकावर लोणी येतं तसं दिसतं म्हणायची, त्याच्यावरची धूळ पुसायला तिने मला घरी पाठवलं. तू आल्यावर बघशील म्हणून. मी आलो आणि पुसली.

ती वाट बघत गेली. तुला मी येऊ दिलं नाही. तू येऊ शकत होतीस, तुझे तारे कुठे जाणार नव्हते. कारण नव्हतं, हेमाली. नऊ महिने मी मनाला सांगत होतो, वाईट झालं पण पोरीची पाळी राखली. आता तेही सांगता येत नाही.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. मागावं असं तोंड नाही. तुला खरं माहीत असावं, एवढंच.

पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात. म्हणजे पाच तारखेला आणि बारा तारखेला तू फोन करशील तेव्हा तुला यातलं काही माहीत नसेल. तू "जेवलात का?" विचारशील, मी "जेवलो" म्हणेन. त्या दोन फोनांवर माझा हक्क नाही हे मला कळतं. तरी मी ते घेणार आहे.

एकोणीस तारखेला, तिसऱ्या रविवारी, बावखलावर आपली पाळी आहे. आत्मारामला सांगितलं, या खेपेला पाणी तू घे. "दयाराम, बरं नाही का रे तुला?" म्हणाला. एवढ्या वर्षांत मी पाळी कधी सोडली नव्हती. तुझ्या बक्षिसाला नाही, माझ्या भावाच्या लग्नालाही नाही. म्हटलं, बरा आहे, त्या दिवशी घरी काम आहे.

फोन वाजला तर उचलेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता धरून ठेव. आणि नाही वाजला तरी मी समजेन.

एकोणीस तारखेला दिवसभर फोनपाशीच असलेले,
तुझे बाबा