धाकट्याच्या नावाने सही

मी, मोबाईल दुरुस्तीवाला, वय कागदोपत्री अठ्ठावन्न आणि खरे बासष्ट, राहणार दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाविना लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात, डोके ठणठणीत आहे. बाकीच्या अवयवांचे विचारले की विषय बदलतात.

१. दुकान, खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. जावईबापूंनी दुकान मोडून तिथे कॉफीचे काही काढायचे म्हटले, तर त्यांना जिना दाखवावा.

२. सोल्डरिंगची हत्यारे, भिंग आणि मी उभे केलेले ओळख पटवण्याचे सॉफ्टवेअरही तिलाच. देश सोडून पळालेली माणसे बंद पडलेले फोन घेऊन येतात. त्यातून मी फोटो काढतो: शाळेचा दाखला, लग्न, घराचे दार. मग त्यांच्या गल्लीतली दोन माणसे शोधायची आणि वेगवेगळी विचारायची. नळ कुठे होता, कोणाची पायरी फुटकी होती. उत्तरे जुळली की निर्वासितांची कचेरी ओळख मान्य करते. साडेचार हजार माणसे आम्ही अशी पुन्हा कागदावर आणली. दोन साक्षींचा नियम माझा आहे. तो माझ्यासाठीही मोडू नये.

३. पहिल्या नंबरची फाईल माझीच, आणि ती अपुरी आहे. सीमेवर पोचायच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ तापाने गेला. थंडी होती, म्हणून त्याचे जाकीट मी अंगात घातले. नोंदणीच्या रांगेत कारकुनाने कार्ड मागितले. माझे हरवले होते, जाकिटाच्या खिशात त्याचे होते, तेच पुढे केले. आज निवारा घेऊ, खरे नाव उद्या सांगू, असे मनाशी म्हटले. चौतीस वर्षे झाली, तो उद्या काही उजाडला नाही. सरकारदरबारी दुकान धाकटा चालवतो आणि मी बेपत्ता आहे.

४. पहिली साक्ष आमच्या शाळेतल्या मास्तरांनी मरण्याआधी दिली. आम्हा दोघा भावांना ओळखणारा आता एकच माणूस उरला आहे, माझ्या दिवंगत बहिणीचे यजमान, आमचे दाजी. त्यांना इकडे मीच आणले, माझ्याच, म्हणजे धाकट्याच्या नावाच्या कागदांवर. साक्ष मागितली तेव्हा म्हणाले, "चाललंय ना सगळं सुरळीत? मग कशाला मढी उकरतोस? उद्या मलाही हाकलतील."

मी म्हटले, "दाजी, मढं कुठलं? मी जिवंत आहे."

त्यांनी चहा संपवला आणि काखा वर केल्या. तेव्हापासून ते मला धाकट्याच्याच नावाने हाक मारतात, मुद्दाम, चारचौघांत. हे मी माफ केलेले नाही. माफ केले असे माझ्या मागे कोणी सांगत फिरू नये.

५. ते जाकीट दाजींना द्यावे. आतल्या खिशात दुसऱ्या साक्षीचा कोरा फॉर्म आहे. गेल्या वर्षी त्यांना कायमचे नागरिकत्व मिळाले, तेव्हा ती सबबही संपली. बाळ, त्यांनी सही केली नाही तर भांडत बसू नकोस. फक्त जाकीट परत आण.

६. फाईल पुरी होईपर्यंत माझ्या थडग्याच्या दगडावर कोणतेही नाव कोरू नये.

ठिकाण: दुकानाचा माळा. तारीख: १४ ऑक्टोबर, म्हणजे धाकट्याचा वाढदिवस. मुलीने सकाळी केक आणला होता, मी मेणबत्त्या विझवल्या.

सही धाकट्याच्या नावाने केली आहे. माझ्या नावाने केली असती, तर वरचे सगळे रद्द ठरले असते.

साक्षीदार: घरचे डॉक्टर आणि शेजारचा शिंपी. दोघेही एका निरोपावर आले. दोघांनी शपथेवर लिहून दिले आहे की सही करणारा इसम धाकटाच असून, ते त्याला वीस वर्षे जवळून ओळखतात.