मृत्यू कमी आला

३ फेब्रुवारी २०२४
सकाळीच अक्कलकोटहून मेहुणी सावित्रम्माचा फोन. एकेकाची तब्येत विचारली. माझा गुडघा, सुनेचा खोकला, म्हशीचं दूधसुद्धा! बायकोनं, दानम्मानं, सगळ्यांचं सांगितलं.
"आणि तुझं गं?"
"मला काय धाड भरलीय!" आवाज मात्र बसलेला.
परवाच डॉक्टर म्हणाले, हिच्या अन्ननलिकेत कॅन्सर. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. तो शब्द बायकोच्या नावाशेजारी लिहवत नाही.

८ फेब्रुवारी
गाठीच्या तुकड्याच्या जादा तपासणीचा कागद आला. सगळा इंग्रजीत. दानम्मा म्हणाली, "वाचा की. कापडगिरणीत सुताच्या कांड्या भरता भरता विंग्रजी शिकलाय न्हवं?"
डिक्शनरी घेऊन बसलो. डेथ म्हणजे मृत्यू, त्याला डिक्शनरी कशाला! पण पुढं काय लिहिलंय? लो! पेशी मरण्याचं प्रोटीन कमी. मृत्यू कमी!
गुडघा विसरून कोपऱ्यावर गेलो, पाव किलो पेढे आणले. पहिला दानम्माच्या तोंडात. कितीतरी वेळ तोंड मिटून हसत राहिली.
मंगळवारी केमो सुरू व्हायची होती. म्हटलं, मृत्यूच कमी आलाय, मग घाई कशाला? पुढची तारीख घेऊ. तिनं नुसती मान डोलावली.

१३ फेब्रुवारी
मंगळवार. गेलो नाही. आंबीलसुद्धा तिनं निम्मी ठेवली.

१४ फेब्रुवारी
भाची चंद्रिका आली. लॅबमध्ये नोकरीला आहे. मी ऐटीत पेढा दिला, कागद पुढं केला. वाचता वाचता तिच्या हातातला पेढा हातातच राहिला.
"मामा, तारीख का चुकवली?"
"अगं, मृत्यू कमी आलाय की!"
"मामा... हे प्रोटीन बिघडलेल्या पेशींना मरायला लावतं. ते कमी, म्हणजे त्या मरतच नाहीत. वाढत जातात. रोग किती पुढं सरकतोय त्याचा अंदाज घ्यायला बघतात हे. एका कागदावर सगळं ठरत नाही— पण तारीख चुकवायची नव्हती हो!"
आजार वाढतोय म्हणून मी पेढे वाटले! दानम्मा आत भांडी लावत होती. कुठल्या तोंडानं सांगू?

१५ फेब्रुवारी
धुवायच्या बोचक्यात तिचं पेढ्यांच्या दिवशीचं लुगडं. पदराला गाठ. सोडली. आत पेढा! ओला होऊन वाळलेला, मुंग्या लागलेला.
गिळताच आला नव्हता तिला. आणि मी समोर बसून हसत होतो!
सांगायला धीर होत नाही. उद्या सांगतो.

१६ फेब्रुवारी
वही उघडली तर पान आधीच भरलेलं. दानम्माचं अक्षर. मीच शिकवलेलं, पण आजवर सहीपुरतंच वापरलेलं—

"तुमची वही वाचली. पेढा गिळंना तवाच मला कळलं हुतं. तुमी लई खूश हुता म्हणून गप बसले. आता आवाज निघत न्हाय. चंद्रिकेला फोन करा, उद्याच दवाखान्यात जायाचं. मला भ्या वाटतंय. तुमाला बी वाटतंय का? हितंच खाली लिवा. लवकर लिवा."