साहेबांविरुद्ध ही

३ मार्च, सोमवार

क्लिनिकच्या फोनवर आज एक गृहस्थ बोलले. आवाज इतका मऊ, की आधी पेशंटच वाटला. "डॉक्टर, मुलगी गाण्याच्या क्लासहून एकटीच येते ना? रस्त्यावर गाड्या फार. जपा." आणि ठेवलाच फोन. खुर्चीत एक आजी तोंड उघडून बसलेल्या. मी कुठला दात खोदत होतो, तेच आठवेना!

कॉलेजात इतिहास शिकवणारी बायको खासदारकीला उभी राहिली, तेव्हा मी पेढे वाटले होते. आमच्या एवढ्याशा राज्याला संसदेत एकच जागा, समोर साहेब, इथले कायमचे खासदार. त्यांच्याविरुद्ध आजवर जो उभा राहिला, त्याने अर्ज मागे घेतला. का, ते आज कळलं.

४ मार्च, मंगळवार

पोलिसांत गेलो. इन्स्पेक्टर आपली दाढ दाखवत बसले. साहेबांचं नाव काढलं, तशी त्यांची दाढ दुखायची थांबली. "लेखी द्या, बघू," म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

नवा पेशंट. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट. काय दुखतंय विचारलं तर नुसता आ वासला. एकही दात किडलेला नाही. तसं म्हणालो, तर शांतपणे चूळ भरली, तोंड पुसलं.

"मॅडमना सांगा, अर्ज मागे घ्यायला उद्यापर्यंत वेळ आहे. नंतर आमच्या हातात काही नाही."

फी देऊ केली. मी घेतली नाही. तो गेल्यावर त्याच खुर्चीत बसून राहिलो.

७ मार्च, शुक्रवार

लेकीला माझ्या बहिणीकडे पोचवलं. आत्याकडे जायचं म्हणून उड्या मारत गेली.

हिच्या अक्षरशः पाया पडलो. हिने मला उठवलं. मग म्हणाली, "मी मागे घेतला तर ते आपल्याला विसरतील, असं तुला वाटतं?"

हो म्हणालो.

"मला नाही वाटत."

मुदत संपली. अर्ज तसाच.

१५ मार्च, शनिवार

आज काहीच झालं नाही. त्याचीच जास्त धास्ती.

१९ मार्च, बुधवार

ही सभेहून परतली ती मागची काच नसलेल्या गाडीतून. खडी उडाली म्हणे. खडी मागच्या सीटवरच होती — नारळाएवढी!

२३ मार्च, रविवार

मतदान. पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकटा उभा राहिलो. हरली तर हे सगळं संपेल. निवडून आली तर पुढची कित्येक वर्षं मी प्रत्येक पेशंटच्या तोंडाआधी त्याचे हात बघणार. हिचं नाव दिसत होतं. मी साहेबांना मत दिलं.

बाहेर फोटोवाल्यांनी दोघांना शेजारी उभं केलं. हसा म्हणाले. हसलो.

२५ मार्च, मंगळवार

निवडून आली. थोडक्यात, पण आली. लेक फोनवर किंचाळत होती. मी दाराची कडी तपासून आलो.

२६ मार्च, बुधवार

सकाळी दार लावून ही माझ्यासमोर बसली. "कुणाला सांगू नकोस. मी साहेबांना मत दिलं. स्वतःच्या नावासमोरच्या बटणावर बोटच जाईना. घाबरले रे."

मीही, म्हणालो.

मग किती तरी वेळ आम्ही खिडकीतून खाली अभिनंदनाला जमलेल्या माणसांकडे बघत राहिलो. त्यांच्याही घरी लेकी असतील. मतं त्यांनी दिली होती.