आई थोंगबाय यांच्या समक्ष

मी, विरात चायसिन, वय एकसष्ट, धंदा पंपदुरुस्ती, राहणार बान नोंगकुंग, सकोन नाखोन, हे माझे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीचे तसे सांगता येत नाही, म्हणून हे आजच उरकतो.

१. घर व घराखालची जमीन माझ्या पश्चात माझी पत्नी मालाय हिच्या एकटीच्या मालकीची व्हावी.

ही जमीन मुळात माझी नव्हे. माझी पहिली पत्नी चान्ता हिच्या आईची, म्हणजे थोंगबाय यांची. मागल्या वर्षी त्यांनी ती आपणहून माझ्या नावे केली. त्यांचा मुलगा प्रासित म्हणतो की मी म्हातारीला भुलवले. म्हणून घडले ते लिहून ठेवतो.

मी अयुथयाकडचा. इकडच्या रीतीप्रमाणे लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला आलो. इकडे बहुतेक कालवणांत मुरवलेल्या मासळीचे पाणी पडते आणि मला त्या वासानेच मळमळे. आईंनी वर्षभर माझे कालवण वेगळ्या भांड्यात केले आणि त्यावरून कोणाला मला हसू दिले नाही. मग एक दिवस वेगळे भांडे आलेच नाही. आई म्हणाल्या, "आता तू पाहुणा नाहीस. खा." मी खाल्ले. रात्री त्रास झाला, पण तो मी कोणाला सांगितला नाही.

चान्ता तापाने गेली. आम्हाला मूल नव्हते. शंभराव्या दिवसाचा विधी आटोपल्यावर प्रासितने मला अंगणात गाठून सांगितले की बहीण गेली, आता तुझे या घरात काय काम. त्यात त्याचे चुकले असे नाही, रीत तशीच आहे. मी हत्यारांची पेटी बांधली. तेवढ्यात आई आल्या आणि पेटीवर बसल्या. पान चघळत बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. प्रासितने समजावून पाहिले, मठातल्या भिक्षूंना आणतो म्हणाला. त्या एवढेच बोलल्या, "मुलगी माझी गेली. जावई कशाला घालवू?"

पुढे काही वर्षांनी त्यांनीच माझे दुसरे लग्न ठरवले. मला विचारले नाही. मालाय तेव्हा बाजारात नूडल विकत असे, नवरा वारलेला. आई दर बाजारी तिच्या गाडीवर जाऊन खायच्या आणि रस्सा खारट आहे म्हणून नावे ठेवायच्या. शेवटी घरी येऊन म्हणाल्या, "बाई चांगली आहे. मी एवढं बोलले, तरी जाताना वाडगं भरून देते." लग्नात चान्ताचे रेशमी नेसू कपाटातून काढून त्यांनी स्वतः मालायला नेसवले. गाठ मारताना त्यांचा हात जरा वेळ तिथेच राहिला होता, असे मालाय सांगते. त्या दिवसापासून प्रासितने या घरात पाऊल ठेवलेले नाही.

२. हत्यारे व दुरुस्तीला लागणारे सामान विकून येईल ते मालायचे. मोठा पाईपपाना प्रासितकडे आहे. त्याने तो चान्ता असताना नेला होता. तो आता त्याचाच समजावा. मालायने मागू नये.

३. पडवीतले मुरवलेल्या मासळीचे रांजण आईंच्या हातचे आहेत, आणि त्यांच्या हातून आता नवे होणार नाहीत. ते विकू नयेत. घरात खावेत.

४. आईंना या घरात शेवटपर्यंत राहण्याचा हक्क असावा, असे कलम येथे होते. ते मी खोडले आहे. कारण असे.

आईंची मूत्रपिंडे थकली आहेत. दवाखाना पुरे म्हणून त्या हट्टाने घरी आल्या आणि आता खांबांवरच्या या घराखाली, जिथे वारा येतो तिथे, बाजेवर असतात. मालाय त्यांना कुशीवर वळवते, पेज भरवते. पेज अळणी आहे, हे त्या रोज ऐकवतात. हे मृत्युपत्र मी त्यांच्या सांगण्यावरून करतो आहे. काल त्यांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी साक्षीदार कोण म्हणून विचारले. गावप्रमुख खाम आणि शेजारी, मी म्हणालो. शेजारी नको, मी सही करते, म्हणाल्या. गावप्रमुख तिथेच होते. ज्याला यातून काही मिळायचे आहे त्याची साक्ष चालत नाही, असे ते म्हणाले.

"मग मला काढ त्यातून."

"आई, मी आधी गेलो तर तुमचं काय?"

"मालाय काय मला बाहेर टाकणारेय? उलट मी नसले की प्रासित तिला बाहेर काढेल. म्हणेल, म्हातारीला काही माहीत नव्हतं. माझी सही बघितल्यावर कसा म्हणेल? खोड तू."

मी खोडले. खोडल्या जागी माझी सही आहे. आईंचे सर्व मालाय बघेल. हे तिला लिहून सांगावे लागत नाही.

५. माझ्या अस्थी चान्ताच्या शेजारी ठेवाव्यात. मालायला विचारले आहे. पुढे आपल्यालाही तिथेच जागा ठेवा, असे ती म्हणाली.

याखेरीज माझे कोणाकडे काही मागणे नाही.

ठिकाण: बान नोंगकुंग. दिनांक: १७ जानेवारी, बुद्धवर्ष २५६२.

(सही) विरात चायसिन

साक्षीदार:
(सही) खाम सीथोंग, गावप्रमुख
(सही) थोंगबाय फिमसेन. मालायने पाठीला आधार दिला होता, सही स्वतःच्या हाताने केली.

थोंगबाय यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत खाली लिहिले आहे. — खाम

"प्रासित, हे सगळं मी शुद्धीत असताना, माझ्या मर्जीने केलंय. भांडायचं असेल तर मी आहे तोवर ये. सकाळीच ये, म्हणजे जेवून जाशील."