पेर कसा लागतो

आई, आज डहाणूच्या वर्गात मी पेराबद्दल एक मिनिट जपानीत बोलले. हसू नकोस. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मी जपानला जायचं म्हणतेय, आणि तिथे त्यांना फळ कापून भरवताना दोन शब्द बोलता यायला हवेत, असं आमच्या बाईंचं म्हणणं. त्यांनी चित्र दाखवलं तर अख्खा वर्ग म्हणाला, चिकू. तिकडचा पेर गोल, तपकिरी, खरबरीत. आमच्या डोळ्यांना दुसरं काय दिसणार? आपल्याकडे पेराला कुणी नासपती म्हणतं, तिकडे त्याला म्हणायचं नाशी. चावताना होतो तो आवाज शाकीशाकी. रसाळ असेल तर मिझुमिझुशी. बाई म्हणाल्या, नुसतं गोड आहे म्हणून थांबू नका, कसा लागतो ते सांगा.

तेवढ्यावर मी मनाने लहानपणीच्या रानशेतला, आपल्या घरी पोचले. तू कासाच्या बाजारातून एकच पेर आणला आहेस, पिवळाधमक. घरात पहिल्यांदा आलेलं फळ आधी वाडवडिलांपुढे ठेवायचं, मग सगळ्यांनी एकेक फोड खायची, हा तुझा नेम. तू हातपाय धुवायला जातेस आणि मी अख्खा पेर फस्त करते. तू मारलं नाहीस. ‘वाडवडलांच्या आधी खाल्लास? हावरट मेली,’ एवढंच म्हणालीस. मग चुलीपुढे भाकरी थापताना हळूच विचारलंस, ‘कसा लागला गं?’ मी बोलणी खाऊन फुगलेली. म्हटलं, ‘पाण्यासारखा.’ तू पुन्हा विचारलं नाहीस. पुढच्या वर्षी तूच वाडवडिलांत जाऊन बसलीस.

खोटं बोलले होते मी. गोड होता, किंचित रवाळ, आणि रस कोपरापर्यंत ओघळला होता. आज हे सगळं परक्या भाषेत घडाघडा सांगितलं, ज्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं त्यांना. तुला एका वाक्यात सांगता आलं असतं. फार आठवण येते गं तुझी.

येताना एक पेर घेतला. तुझ्या फोटोपुढे ठेवलाय, अजून चाखलेला नाही. हा कागद घडी करून त्याच्याखालीच सारणार आहे.

एक राहिलं. माझं बोलून झाल्यावर बाईंनी जपानीत विचारलं, ‘तुमच्या आईला पेर आवडतो का?’ मी हो म्हणाले. वाक्य बिनचूक आलं म्हणून त्यांनी शाबासकी दिली. तुला आवडला असता की नाही, मला ठाऊक नाही. मी तुझ्यासाठी एक फोडही ठेवली नव्हती.