डबल बेल

अण्णा, उद्या सकाळी दहा वाजता मला राहात्याला गाडी घेऊन जायचंय आणि मला भीती वाटतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, भीती वाटते तर गिअर टाकू नको, खाली उतर, चाकाला लाथ मारून बघ, पाणी पी. ते सगळं करून झालं. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. श्रीरामपूरच्या मार्केटात माझ्या पिकअपमधल्या कांद्याच्या गोण्या उतरायच्या आहेत, हमाल जेवायला गेलेत, आणि मी केबिनमध्ये बसून कॉलेजच्या वहीत तुम्हाला लिहितोय. वही निम्मी कोरी आहे, कारण कॉलेजही मी निम्म्यातच सोडलं. प्रॅक्टिकलला एक पोरगा तिच्याबद्दल घाण बोलला आणि मी त्याला स्टूल फेकून मारलं. माफी माग म्हणाले, नाही मागितली, त्याच दिवशी गेटबाहेर पडलो तो परत गेलो नाही. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, आता गाडीच चालव, बापाचं तेवढं तरी घे.

ती म्हणजे राहात्याची, माझ्या वर्गातली. तिचे वडील शाळेत मास्तर आहेत. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार आहेत. मी तिला सांगितलं, उद्या दहाला राहात्याच्या स्टँडसमोर उभी राहा, गाडीत बस, पुढचं पुढे बघू. ती म्हणाली, मला विचार करू दे. मी म्हणालो, यात विचार कसला करायचा? तीन दिवस फोन लावत राहिलो. काल तिनं उचलला. मी विचारलं, घरच्यांना घाबरतेस का एवढी? ती म्हणाली, "घरच्यांची नाही रे भीती. तुझी वाटते." माझं डोकंच फिरलं. म्हणालो, दहाला दिसली नाहीस तर तुझ्या दारात येऊन उभा राहीन. आणि फोन सीटवर फेकला.

तुझी वाटते. कालपासून हे दोन शब्द कानातून जात नाहीत, आणि त्यांच्यामागून तो चैत्र येतोय, तुम्ही आम्हाला ओम्नीतून फिरायला नेलंत तो. आज तेरा वर्षं झाली. मी तो कुणाजवळ काढत नाही. घरात तो विषय निघाला की मी चप्पल घालून बाहेर जातो.

पाडवा होऊन चारच दिवस झाले होते. मी नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. तुमची बदली जामखेड डेपोला झाल्यामुळे आपण खर्ड्याला घरी राहत होतो, पण तुमचं मन श्रीरामपुरातच होतं, जेवताना रोज तिथल्याच मित्रांच्या गोष्टी. शेवटी शेजाऱ्यांची ओम्नी मागून आणलीत. आईला अंगणवाडीतून सुट्टी नव्हती, म्हणून आम्हा दोघांनाच मागे बसवलंत. पुढच्या सीटवर कागदात गुंडाळलेल्या तीन साखरेच्या गाठी. तीन मित्र, तीन गाठी: एक नगरला, एक श्रीरामपूरला, एक राहात्याला. गाडी चालू झाली आणि हलेचना. तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलेले. आई दारातून म्हणाली, निघा की आता. तुम्ही गंभीर तोंड करून म्हणालात, "मास्तरनं बेल दिली न्हाई." कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात, आणि बावीस वर्षं बस चालवल्यावर मागून दोन बेल आल्याशिवाय तुमचा पाय क्लचवरून उठत नव्हता. आई हसत आत गेली, आमटीचा डाव आणून माझ्या हातात दिला, वाजव रे म्हणाली. मी दाराजवळच्या लोखंडी दांडीवर दोन ठोके मारले. गाडी निघाली. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला. गावाबाहेर आल्यावर तुम्ही मला नीट समजावलंत. गाडीला आरसा एकच, उजवीकडचा. डावा तुटलेला. "डावीकडचं मला दिसत न्हाई. तिकडचा डोळा तू."

किती हसलो होतो त्या दिवशी. तुम्ही सवयीनं प्रत्येक थांब्यावर गाडी हळू करत होतात. कडा गावाच्या अलीकडे एक म्हातारी पाटी घेऊन सरळ आत चढून बसली आणि तुम्ही तिला नगरपर्यंत आणलंत. उतरल्यावर ती मला म्हणाली, मास्तर, बेल मारा, खोळंबा नका करू. धाकटी हसून हसून सीटवरून खाली पडली. नगरच्या मित्राकडे चहा झाला, पहिली गाठ त्यांच्या नातवाच्या गळ्यात पडली. संध्याकाळी आपण श्रीरामपूरला मास्तरकाकांकडे पोचलो. ते तुमचे अकरा वर्षांचे कंडक्टर. ते तुम्हाला पायलट म्हणायचे, तुम्ही त्यांना मास्तर. जेवताना त्यांनी ती गोष्ट सांगितली. एकदा वाटेत कुणाची तरी शेळी गाडीखाली शिरली म्हणून ते उतरले होते. उशीर झाला तसा एका पॅसेंजरनं वैतागून स्वतःच दोरी ओढून दोन बेल दिल्या. आणि तुम्ही गाडी हलवली नाहीत. काका मला म्हणाले, "तुझ्या बापाला बेल कुनाच्या हाताची हाय ते वळखू येतं. रागानं मारलेली, झोपंत मारलेली, समदी वळखू येती." तुम्ही भाकरी मोडत नुसते हसलात.

सकाळी निघताना काकांनी त्यांचा जुना तिकीट पंच मला दिला. तेव्हा गाड्यांवर मशीन आली होती, पंच नुसताच पडून होता. सोबत जुन्या तिकिटांचा एक गठ्ठा. मी तो पंच कट्कट् करत गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखा दुसरा कुणी नाही. धाकटी रडायला लागली. तुम्ही म्हणालात, तिलाही दे जरा, राहात्यापर्यंत. मी दिला. देताना तिच्या हाताला चिमटा काढला, तो तुम्हाला दिसला नाही.

बाभळेश्वरच्या अलीकडे एका रसवंतीपाशी थांबलो. ऊन चढलेलं, चरकाला बांधलेले घुंगरू वाजताहेत, लिंबाला नवी पालवी फुटलीय. रस पिऊन मी आधी येऊन बसतो आणि बघतो तर सीटवर माझा तिकिटांचा गठ्ठा. सगळ्या तिकिटांना भोकं. एकही कोरं ठेवलेलं नाही. मी ती शाळेत नेऊन दाखवणार होतो. धाकटी अजून बाहेरच, लिंबाच्या पानांना भोकं पाडत बसलेली. तुम्ही इंजिन चालू करता. ती धावत येते. तुम्ही समोर बघत विचारता, "काय मास्तर, झालं का?" आणि मी डाव उचलतो आणि दांडीवर दोन ठोके मारतो.

तो आवाज कसा होता ते मी सांगू शकत नाही. गाडी थोडी उचलल्यासारखी झाली आणि परत खाली आली, बस्स. ओरडली ती नंतर, आधी काहीच नाही, नुसते घुंगरू. रसवंतीवाला धावत आला. तुम्ही तिचा पाय टॉवेलमध्ये गुंडाळलात, तिला माझ्या मांडीवर ठेवलंत आणि गाडी वळवली. टॉवेल भरत चालला तशी ती थंड पडत गेली, मला वाटलं ही आता मरणार, आणि मी तिला सांगत होतो, पंच तुलाच ठेव, पंच तुलाच ठेव. त्या परतीच्या रस्त्यावर तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, झालं का म्हणून. बेलशिवाय गाडी पळत होती. मी डाव सीटखाली ढकलला.

दवाखान्यात मास्तरकाका आले. तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात, शर्ट सगळा लाल. काकांनी विचारलं, कसं झालं रे? तुम्ही म्हणालात, "मी बेल ऐकायच्या आतच गाडी काढली." काकांनी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पाणी आणतो म्हणून निघून गेले. हेच वाक्य तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, फोनवर आईला सांगितलंत, नंतर खर्ड्याला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंत. ज्या माणसानं आयुष्यभर बेलशिवाय चाक फिरवलं नाही, तो पारावर बसून सांगायचा, माझीच घाई नडली.

तिच्या पायाच्या दोन बोटांवर निभावलं. आठवड्यानं आपण घरी निघालो तेव्हा तुम्ही उतरून, वळसा घालून डावीकडे आलात, दार स्वतः ओढलंत, हलवून बघितलंत, मग जाऊन बसलात. प्रत्येक थांब्यावर तसंच. मी मागे हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. एवढी शिक्षा मला पुन्हा कुणी दिली नाही. राहात्याला आपण पोचलोच नाही. तिकडची तिसरी गाठ पुढच्या सीटवर तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. घरी आल्यावर ओम्नी धुताना तुम्ही माझ्या हातात पाण्याची बादली दिलीत आणि चाकाकडे बघत म्हणालात, "आपली घाई झाली." आपली म्हणालात. मी पाणी ओतत राहिलो.

दोन वर्षांनी तुम्ही काविळीनं गेलात. मास्तरकाकांनी आईला इथल्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम बघून दिलं, म्हणून आम्ही श्रीरामपूरला आलो. धाकटी यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. ती लग्नाकार्यातही बूटच घालते, साडीवर सुद्धा. कुणी विचारलं तर सांगते, लहानपणी अण्णांनी घाईत गाडी काढली होती. रागानं सांगत नाही, सहज सांगते. मी तिथे असलो तर तिच्या बुटांकडे बघत नाही.

मी कॉलेज सोडलं तेव्हा काका घरी आले होते. आता थकलेत, एका डोळ्यानं दिसत नाही. आई चहा ठेवायला आत गेली तसे ते हळूच म्हणाले, "पायलटनं बेलशिवाय गाडी कधीच हलवली न्हाई. मला दवाखान्यातच कळलं हुतं." मग म्हणाले, "त्यालाबी कळलं असंल. हात वळखायचा त्यो." तेव्हापासून मला एकच प्रश्न पडतो, अण्णा. ते दोन ठोके ऐकताना तुम्हाला त्यातला राग ऐकू आला होता का? आला होता, तर पाय का उचललात? की पोराच्या हातावर तुमचा भरवसा होता आणि राग तुम्हाला कळला तो चाक उचललं गेल्यावर? यातलं कुठलंही खरं निघालं तरी मला भीती वाटते.

आणि आज वाटणारी भीती तीच आहे. तिच्या बापाची नाही, भावांची नाही, पोलिसांचीसुद्धा नाही. उद्या ती स्टँडवर आली आणि दार उघडून विचार करत उभी राहिली, तर मी थांबेन का? मला माझा पाय माहीत आहे. स्टूल फेकणारा हात माहीत आहे. तिला तो माझ्याआधी कळला, म्हणून तर ती तसं म्हणाली.

मघाशी, हे लिहिता लिहिताच, मी तिला मेसेज पाठवला. उद्या मी येत नाही. दारातही येणार नाही, कधीच येणार नाही. तुझं तू ठरव, सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. शेवटचं खोटं आहे, मला अजिबात चालणार नाही. तरी पाठवलं. तिनं वाचलंय, तशी खूण आलीय. उत्तर नाही. फोन समोर ठेवलाय आणि हात पुन्हा मांडीखाली घेऊन बसतोय, कारण बाहेर राहिला तर तो फोन लावेल. रविवारी तिनं पाहुण्यांना हो म्हटलं तर? गाडी उभी आहे आणि मी उभा आहे, एवढंच आज जमलंय.

हमाल आले वाटतं, गाडीचा मागचा फळका पाडायला हाका मारतायत. हा कागद मी वहीतून फाडून पंचाशेजारी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवीन. पंच तुलाच ठेव म्हणालो होतो ना तिला, तिनं घेतला नाही. संध्याकाळी धाकटीला सांगायचं असं ठरवलंय, पण ते मी याआधीही खूपदा ठरवलंय. निदान तुम्हाला तरी सांगतो. सगळ्यांना वाटतं, काकांनाही वाटत असेल, की लहान पोर होतं, चुकून वाजवलं, त्याला काय कळतंय. तसं नव्हतं अण्णा. डावीकडचा डोळा मी होतो, आणि मी बघितलं होतं. तिचा एक पाय आत होता, एक खाली होता, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.